हिशोबाबाहेरचं यंत्र

आयझॅक असिमॉव्हची 'द लास्ट क्वेश्चन' ही कथा तुम्ही अजून वाचली नसेल, तर हा लेख इथेच थांबवा आणि आधी ती वाचून या. अर्धा ताससुद्धा लागणार नाही. पुढे मी तिचा शेवट सांगणार आहे, आणि टेड चियांगच्या 'एक्झलेशन'चाही बराचसा भाग उघड करणार आहे. दोन्ही कथा अशा आहेत की पहिल्यांदा वाचण्यातली मजा मी हिरावून घेऊ नये.

वाचून आलात? चला तर मग.

एन्ट्रॉपी आणि विचार करणारं यंत्र हे दोन विषय एकत्र निघाले की विज्ञानकथा वाचणारा जवळजवळ प्रत्येक जण असिमॉव्हच्या या कथेचं नाव घेतो. ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. स्वतःच्या सगळ्या कथांमध्ये असिमॉव्हला तीच सर्वांत जास्त आवडायची. मलाही आवडते. पण संगणनाला किमान किती ऊर्जा लागते, या विषयावर पीएचडीचं काम करायला लागल्यापासून ती वाचताना एक गोष्ट खटकत राहते. ती नुसती एका जुन्या कथेपुरती असती तर सोडून दिली असती. पण आज आपण 'एआय'बद्दल जे बोलतो, त्यात ती जशीच्या तशी उतरली आहे असं मला वाटतं.

आधी कथेची उजळणी करू. २०६१ साली मल्टिव्हॅक नावाच्या प्रचंड संगणकाच्या मदतीने माणसाने सूर्याची ऊर्जा थेट वापरायची युक्ती शोधलेली असते. कोळसा, युरेनियम सगळं बंद. त्या आनंदात दोन तंत्रज्ञ दारू पीत बसतात आणि वाद घालतात: आता ऊर्जा कायमची मिळाली की नाही? एक म्हणतो मिळाली. दुसरा म्हणतो, कायमची कशी, सूर्यही एक दिवस विझणारच. पाच डॉलरची पैज लागते आणि ते मल्टिव्हॅकला विचारतात, एन्ट्रॉपी उलटी फिरवता येईल का? यंत्र सांगतं की उत्तर देण्याएवढी माहिती अजून नाही. पुढे हजारो, मग लाखो, मग अब्जावधी वर्षांच्या उड्या. दर वेळी माणसं वेगळी, यंत्र आणखी प्रगत, प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. शेवटी तारे विझतात, माणसांची मनं यंत्रात विलीन होतात, विश्व संपतं. उरतं फक्त यंत्र. ते सगळ्या माहितीची सांगड घालत बसतं, उत्तर सापडतं, पण ऐकायला कोणी नसतं. म्हणून ते उत्तर करूनच दाखवतं: बायबलमधल्या सृष्टीच्या पहिल्या आज्ञेसारखी आज्ञा देतं आणि प्रकाश होतो.

शेवटची ओळ वाचून अंगावर काटा येतो, हे मान्यच. आता एन्ट्रॉपीकडे वळू.

एन्ट्रॉपी म्हणजे 'अव्यवस्था' किंवा 'पसारा' असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते चालण्यासारखं आहे, पण त्याने घोटाळाही होतो. मी वेगळ्या रीतीने सांगते. खोलीच्या कोपऱ्यात उदबत्ती लावली की थोड्या वेळाने वास खोलीभर पसरतो. पसरलेला वास पुन्हा काडीच्या टोकाशी गोळा होताना कोणी पाहिलेला नाही. तसं घडायला कोणता नियम आडवा येतो? रेणूंना कोपऱ्यात जाण्याची बंदी नाही. फक्त रेणू खोलीभर विखुरलेले असण्याच्या रचना इतक्या अफाट आहेत, आणि सगळे एकाच कोपऱ्यात असण्याच्या इतक्या मोजक्या, की दुसरी गोष्ट घडण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. एन्ट्रॉपी हे या रचनांच्या संख्येचं माप आहे. उष्मागतिकीचा दुसरा नियम म्हणतो की बंदिस्त व्यवस्थेत ती आपसूक कमी होत नाही.

'बंदिस्त' हा शब्द महत्त्वाचा. कारण एखाद्या ठिकाणची एन्ट्रॉपी कमी करणं मुळीच अवघड नाही. तुमचा फ्रिज रोज करतो. फक्त त्याच्या मागच्या बाजूला हात लावून बघा, गरम लागेल. आत जेवढी उष्णता काढली, तेवढी आणि वर विजेची, अशी सगळी मागून खोलीत टाकली जाते. एकूण हिशोबात एन्ट्रॉपी वाढलेलीच असते. तेव्हा असिमॉव्हच्या प्रश्नाचा खरा अर्थ असा: आख्खं विश्वच फ्रिजमध्ये घातलं, तर त्याची मागची बाजू कुठे असेल?

आता कथेत यंत्र कुठे आहे ते पाहा. प्रसंगागणिक त्याचं शरीर कसं बदलत जातं? पहिल्या प्रसंगात मल्टिव्हॅक मैलोन्‌मैल पसरलेला आहे, त्याची देखभाल करायला माणसं लागतात. पुढच्या प्रसंगात तो अवकाशयानात मावतो. मग एका छोट्या ग्रहावरचं बलरेषांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी होतो. मग जेमतेम दिसणारा, दोन फुटांचा गोळा. आणि शेवटी तो अवकाशात उरतच नाही. त्रिमितीच्या पलीकडे, जे द्रव्यही नाही आणि ऊर्जाही नाही अशा कशापासून तरी तो बनलेला आहे, असं असिमॉव्ह सांगतो. म्हणजे प्रश्न जसजसा जड होत जातो, तसतसं यंत्र हलकं होत जातं. तारे ऊर्जा खर्च करतात, माणसं करतात, आकाशगंगा विझतात. यंत्र कधीच काही खर्च करत नाही. निदान कथा तसं कधी म्हणत नाही.

हे मला खटकतं. एन्ट्रॉपीवरच्या सर्वांत गाजलेल्या कथेत एकच गोष्ट एन्ट्रॉपीच्या हिशोबाबाहेर आहे, आणि ती म्हणजे विचार.

'अहो, कथा आहे, परीक्षेचा पेपर नाही' असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. विज्ञानकथेतल्या चुका लाल पेनने काढत बसणं ही समीक्षा नव्हे. शिवाय १९५६ साली असिमॉव्हला जाब विचारणं अन्यायाचं होईल. का, ते समजण्यासाठी थोडा इतिहास लागेल.

१८६७ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलने आपल्या मित्राला, पीटर टेटला लिहिलेल्या पत्रात एक कल्पना मांडली. वायूने भरलेल्या पेटीत मधोमध भिंत, भिंतीला चिमुकलं दार, दाराशी एक चिमुकला जीव. वेगवान रेणू आला की त्याला एका बाजूला सोडायचं, संथ आला की दुसऱ्या. काही वेळाने एक बाजू गरम, दुसरी गार. काम काहीच केलं नाही, तरी एन्ट्रॉपी कमी! या जिवाला पुढे 'मॅक्सवेलचा राक्षस' असं नाव पडलं. आकाराने तो रेणूएवढा, पण भौतिकशास्त्राला त्याने शंभर वर्षं सतावलं, म्हणून नाव शोभतं. नीट पाहिलंत तर हा राक्षस आणि मल्टिव्हॅक एकाच घराण्यातले आहेत. दोघेही निव्वळ माहितीच्या जोरावर एन्ट्रॉपी उलटवू पाहतात.

१९२९ साली लिओ झिलार्डने प्रश्नाची जागा बदलली. राक्षस रेणू बघतो, लक्षात ठेवतो, निर्णय घेतो. मग त्याच्या या 'डोक्याच्या कामाची' किंमत कोणी मोजायची? बघण्यालाच किंमत पडते, असं बराच काळ मानलं गेलं. १९६१ साली आयबीएममधल्या रॉल्फ लांडाउअरने नेमकी जागा दाखवली. किंमत पडते ती माहिती पुसायला. एक बिट पुसायचा तर ठरावीक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते, आणि ही किमान रक्कम तापमानाच्या प्रमाणात असते. पुढे त्याच संस्थेतल्या चार्ल्स बेनेटने दाखवलं की गणित करणं, अगदी रेणू मोजणंसुद्धा, तत्त्वतः फुकट करता येतं, पावलं उलटी टाकता येतील अशा बेताने केलं तर. पण राक्षसाची वही कधीतरी भरणार. नवीन लिहायचं तर जुनं पुसावं लागणार, आणि तिथे आतापर्यंतची सगळी उधारी वसूल होते.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०१२ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात सर्जिओ सिलिबर्टो आणि सहकाऱ्यांनी ते मोजून दाखवलं. पाण्यात काचेचा सुमारे दोन मायक्रॉनचा मणी, लेझरने तयार केलेले शेजारी शेजारी दोन खड्डे. मणी डावीकडे असेल तर ०, उजवीकडे असेल तर १. मणी कुठेही असो, त्याला ठरलेल्या एका खड्ड्यात आणून ठेवणं म्हणजे बिट पुसणं. हे घाईने केलं तर उष्णता जास्त निघते. सावकाश केलं तर कमी निघते, पण लांडाउअरच्या आकड्यापाशी येऊन टेकते.

आता पुन्हा शेवटच्या प्रसंगाकडे या. विश्व संपलं आहे, कुठे काही गरम नाही, कुठे काही गार नाही, आणि यंत्र कालातीत अवस्थेत माहितीची सांगड घालत बसलं आहे. आज वाचणाऱ्याला विचारावंसं वाटतं, ही माहिती साठली कशावर? वही भरली तेव्हा पुसली कशी? मागची बाजू कुठे होती? लांडाउअरचा निबंध कथेनंतर पाच वर्षांनी आला, त्यामुळे असिमॉव्हला माफी आहे. पण कथेचं नुकसान व्हायचं ते झालंच आहे, आणि ते भौतिकशास्त्राचं नाही. उत्तर शोधताना यंत्राला काहीच गमवावं लागत नाही, त्यामुळे उत्तर सापडतं तेव्हा त्याला वजन नसतं. आपण चकित होतो, हलत नाही. सृष्टीच्या आरंभाच्या आज्ञेवर येऊन थांबणारी ही कथा मुळात देवाची कथा आहे, आणि देवाला वीजबिल येत नाही.

याच्या शेजारी 'एक्झलेशन' ठेवा. चियांगची ही कथा २००८ साली आली, पुढच्या वर्षी तिला सर्वोत्कृष्ट लघुकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. इथली माणसंच यंत्रं आहेत. धातूची, हवेवर चालणारी. भरलेली फुप्फुसं बसवायची, रिकामी काढून पुन्हा भरायला द्यायची, असं त्यांचं रोजचं जगणं. एकदा लक्षात येतं की ठिकठिकाणची घड्याळं पुढे जातायत. निवेदक शरीरशास्त्रज्ञ आहे. तो आरसे आणि उपकरणं जुळवून स्वतःचाच मेंदू उघडतो, आणि त्याला दिसतं की आपल्या आठवणी कुठे कोरलेल्या नाहीत. सोन्याची नाजूक पानं वाहत्या हवेने तोलून धरली आहेत, आणि त्या प्रवाहाची नक्षी म्हणजे मी. मग कळतं की घड्याळं पुढे जात नाहीत, मेंदू मंदावतायत. प्रत्येक श्वासाबरोबर, प्रत्येक विचाराबरोबर, जमिनीखालची दाबाची हवा बाहेरच्या हवेत मिसळते आहे. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की सगळं थांबेल.

चियांगने सांगितलं आहे की या कथेमागे रॉजर पेनरोजच्या पुस्तकातली एन्ट्रॉपीची चर्चा होती. आपण अन्न खातो ते ऊर्जेसाठी, हे अर्धसत्य आहे, कारण घेतलेली ऊर्जा आपण उष्णता म्हणून परत टाकतोच. आपण खरं खातो ती कमी एन्ट्रॉपी. निवेदकालाही हेच उमगतं: आपण हवेवर जगत नाही, दाबाच्या फरकावर जगतो. माझ्या मते एन्ट्रॉपी समजावणारं यापेक्षा चांगलं चित्र पाठ्यपुस्तकांतही नाही. याच कथेत काही लोक हवा पुन्हा दाबून भरायचं यंत्र बनवायला निघतात, पण ते यंत्र चालवायलाच जास्त हवा लागते. फ्रिजची मागची बाजू इथे कथेच्या मध्यभागी आहे.

लांडाउअर-बेनेटच्या चष्म्यातून पाहिलं तर चियांगही पूर्ण अचूक नाही. विचार करणं म्हणजे खर्च करणंच, असं त्याच्या जगात दिसतं. बेनेट म्हणेल, खर्च विचाराचा नाही, विसरण्याचा. त्या मेंदूला सतत वारा लागतो कारण त्याची स्मृती प्रवाहाने तोललेली आहे. तुमच्या संगणकातली रॅम अशीच असते, वीज गेली की सगळं गेलं. पण स्मृती तशीच असली पाहिजे असा निसर्गाचा नियम नाही. एखाद्या हुशार शरीरशास्त्रज्ञाने अतिशय सावकाश चालणारा, पावलं उलटी टाकू शकणारा मेंदू घडवला असता, तर त्या जगाचं आयुष्य खूप लांबलं असतं.

ही नुसती कल्पनाही नाही. १९७९ साली फ्रीमन डायसनने 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'मध्ये हाच प्रश्न गांभीर्याने मांडला: थंड होत जाणाऱ्या विश्वात मर्यादित ऊर्जेवर जीवन कायम टिकेल का? त्याचं उत्तर होतं, टिकू शकेल, पण वेग सोडावा लागेल. जितकं गार, तितका विचार स्वस्त. म्हणून सावकाश विचार करा, मधून मधून लांब झोपा काढा, साठलेली उष्णता तेवढ्यात अवकाशात सोडून द्या. १९९८ साली विश्वाचं प्रसरण वेग घेत असल्याचं कळलं आणि या आशेला धक्का बसला, कारण अशा विश्वात तापमान एका मर्यादेखाली उतरत नाही. लॉरेन्स क्रॉस आणि ग्लेन स्टार्कमन यांनी मग उलट बाजूने युक्तिवाद केला. पण वाद कोणत्या जमिनीवर चालला आहे ते पाहा. दोन्ही पक्षांत विचार करणारा जीव हिशोबाच्या आत आहे. असिमॉव्हचं यंत्र जितकं हुशार तितकं हलकं होत जातं, डायसनचं जीवन टिकायचं म्हणून मंद होतं. दुसरं मला जास्त हृद्य वाटतं.

आता आजच्या गोष्टीकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. 'एआय पुरेसं हुशार झालं की हवामानबदलाचा प्रश्न तेच सोडवेल' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हे मल्टिव्हॅकचं वाक्य आहे. यात यंत्र पुन्हा हिशोबाबाहेर बसवलंय, आणि त्याला 'क्लाउड' असं द्रव्यही नाही, ऊर्जाही नाही असं नाव दिलंय. प्रत्यक्षात हे ढग ऐरोली-महापे भागात काँक्रीटच्या इमारतींत उभे आहेत, आणि त्यांच्या मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का. यात 'एआय'खेरीज बाकी सगळं संगणनही आलं.

पण इथे उलट बाजूची चूकही करू नका. 'विचार म्हटला की उष्णता आलीच, दुसरा नियम आहे' असं म्हणून कोणी हात वर केले तर ऐकून घेऊ नका. लांडाउअरची मर्यादा विलक्षण छोटी आहे. ९ वॅटचा एक एलईडी दिवा जेवढी शक्ती घेतो, तेवढ्यात खोलीच्या तापमानाला दर सेकंदाला तीनवर एकवीस शून्यं इतके बिट पुसता येतील. आजच्या चिप त्या मर्यादेच्या हजारो पटींनी वर काम करतात. म्हणजे आजची उष्णता जवळजवळ सगळी आपली आहे: घाईची, सोयीची, रचनेची. तुमच्या डोक्यातला मेंदू साधारण २० वॅटवर चालतो, त्यातही हे दिसतं. निसर्गाने लावलेला कर नगण्य आहे. बाकी बिल माणसांनी ठरवलेलं आहे आणि माणसांना बदलता येतं.

आणि म्हणून 'एक्झलेशन'बद्दलही एक तक्रार नोंदवते. तिच्यातली शांत स्वीकाराची भाषा सुंदर आहे, पण ती शोभते अशा जगात जिथे दाब सगळ्यांसाठी सारखाच कमी होतो. कोणी जास्त श्वास घेतला, कोणाच्या अंगणात गरम हवा सोडली, हा प्रश्न चियांगच्या जगात उद्भवत नाही. आपल्या जगात विचार एका ठिकाणी होतो, फायदा दुसऱ्या ठिकाणी जातो आणि उष्णता, पाणी, वीजवाहिन्या तिसऱ्याच ठिकाणच्या लोकांच्या वाट्याला येतात. विश्वाचा अंत स्वीकारणं शहाणपणाचं असेल. शेजारच्या इमारतीचा धूर स्वीकारणं वेगळं.

ही तिसरी कथा मी अजून वाचलेली नाही, जिच्यात यंत्र हिशोबाच्या आत आहे आणि हिशोब कोणाच्या नावावर लिहायचा यावरून भांडण आहे. मराठीत कोणी लिहिली असेल किंवा लिहीत असेल तर जरूर कळवा.

तोवर एक सवय सुचवते. विचार करणाऱ्या यंत्राची कुठलीही कथा वाचताना, मग ती मासिकातली असो की एखाद्या कंपनीच्या घोषणेतली, मध्येच थांबून विचारायचं: याची मागची बाजू कुठे आहे, आणि तिथे कोण राहतं?